पेटीवरचं नाव आणि कारखान्याचं नाव

फूजीच्या निऑपॅन ॲक्रॉस २ या कृष्णधवल फिल्मची पेटी उलटी करून खालची बारीक अक्षरं वाचा. कंपनी जपानी, नाव जपानी, आणि खाली लिहिलेलं असतं 'मेड इन यूके'. मूळ ॲक्रॉस १०० फूजीने २०१८ साली बंद केली आणि २०१९ च्या अखेरीस ही दुसरी आवृत्ती आणली. पेटी हिरवीच राहिली, उत्पादनाचा देश मात्र बदलला.

कृष्णधवल फिल्म घेताना हे आधी डोक्यात बसलं पाहिजे: पेटीवर असतं ते विकणाऱ्याचं नाव. दुकानात, ऑनलाइन, परदेशातून येणाऱ्यांच्या बॅगेत डझनावारी नावं दिसतात. फिल्मवर प्रत्यक्ष लेप चढवणारी यंत्रं मात्र जगभरात मिळून बोटांवर मोजता येतील इतकीच उरली आहेत. पुण्यात बसून आपण डेव्हलपरची (चित्र उमटवणाऱ्या रसायनाची) वेळ ठरवतो, हायपो म्हणजे चित्र पक्कं करणारा फिक्सर किती वेळ द्यायचा ते ठरवतो, उन्हाळ्यात रोल कुठे ठेवायचा ते ठरवतो. ही सगळी गणितं यंत्रावर, म्हणजे कारखान्यावर अवलंबून असतात. पेटीच्या रंगाशी त्यांचा काही संबंध नाही.

कारखाने इतके कमी का, तेही थोडक्यात. फिल्म बनवण्याचे तीन टप्पे असतात. पहिला इमल्शन शिजवणं: जिलेटिनमध्ये सिल्व्हर नायट्रेट आणि ब्रोमाइड-आयोडाइड यांची गाठ घालून चांदीच्या क्षाराचे कण वाढवणं. दुसरा कोटिंग: ते इमल्शन पारदर्शक पट्ट्यावर संपूर्ण अंधारात, काही मायक्रॉन जाडीने, रुंदीभर एकसारखं पसरवणं. तिसरा कापणं, भोकं पाडणं, डबीत गुंडाळणं. तिसरं काम कुणीही करू शकतं, म्हणून तर इतकी नावं आहेत. अडचण दुसऱ्या टप्प्यात आहे. सव्वा मीटर रुंद आणि हजार मीटर लांब असा एकच पट्टा धरा. त्याच्या रुंदीतून ३५ मिमीच्या पस्तीस पट्ट्या निघतात आणि एका पट्टीतून ३६ फ्रेमचे साधारण सहाशे रोल. म्हणजे एका पट्ट्यातून एकवीस हजार रोल. यंत्र एकदा सुरू केलं की एवढा माल पडतो, आणि तो मुदत संपायच्या आत खपला पाहिजे. डिजिटल आल्यावर हे जमलं नाही ते बंद पडले. जर्मनीची आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, कोडॅकने त्याच वर्षी कृष्णधवल कागद बनवणं थांबवलं, हंगेरीतल्या व्हात्स गावची फोर्टे २००७ मध्ये गेली, एफ्के बनवणारी क्रोएशियातली फोटोकेमिका २०१२ मध्ये.

आपल्याकडेही कारखाना होता. ऊटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. फ्रान्सच्या बोशे कंपनीचं तंत्रज्ञान घेऊन तिने 'इंदू' नावाने फिल्म आणि ब्रोमाइड पेपर, म्हणजे फोटो छापायचा कागद, बाजारात आणला. जागा ऊटीच का, तर इमल्शनला थंड आणि धूळ नसलेली हवा लागते. नव्वदच्या दशकात ती आजारी उद्योगांत गेली आणि पुढे बंदच झाली. इंदूचा जुना कागद अजूनही कुणाच्या माळ्यावरून निघतो. त्याचं काय करायचं ते शेवटी येईल.

आता आजचे कारखाने. सगळ्यांत मोठा आधार इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातल्या मॉबर्ली गावाचा. तिथे हारमन टेक्नॉलॉजी 'इलफर्ड फोटो' या नावाने फिल्म आणि कागद दोन्ही बनवते. आल्फ्रेड हारमन यांनी १८७९ मध्ये इलफर्ड गावात काचेच्या प्लेटा बनवायला सुरुवात केली होती, त्यांचंच नाव कंपनीने २००५ मध्ये घेतलं. आदल्या वर्षी जुनी इलफर्ड अडचणीत आली, तेव्हा व्यवस्थापनातल्या लोकांनीच ती विकत घेऊन वाचवली. एचपी५ प्लस, एफपी४ प्लस, पॅन एफ प्लस, डेल्टाच्या तिन्ही फिल्म, ऑर्थो प्लस, एसएफएक्स हे सगळं इथलं. केंटमियर ही स्वस्त मालिकाही इथलीच. त्या नावाची कंपनी हारमनने २००७ मध्ये घेतली. पैसे मोजून शिकायचं असेल तर केंटमियर ४०० हा माझ्या मते आज सर्वांत शहाणा पर्याय आहे: कारखाना एचपी५ चाच, ढकलायला (कमी उजेडात वेग चढवून वापरायला) मात्र एचपी५ इतकी ताकद नाही. ४०० या तिच्या नेहमीच्या वेगावर ठेवली तर तक्रारीला जागा नाही.

इलफर्ड नावाचे दोन सापळे आहेत. एक्सपी२ सुपर ही दिसायला कृष्णधवल, पण ती रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेसाठी बनवलेली आहे. तिच्यातली प्रतिमा शेवटी रंगद्रव्याची असते, म्हणून ती रंगीत लॅबमध्ये द्यायची. दुसरा सापळा कागदाचा. स्वित्झर्लंडमधली इलफर्ड वेगळी कंपनी झाली होती, ती २०१३ च्या अखेरीस बुडाली आणि इंकजेट कागदासाठी ते नाव दुसऱ्यांकडे गेलं. 'इलफर्ड गॅलरी' नावाचा इंकजेट कागद मिळतो आणि 'इल्फोब्रोम गॅलरी' नावाचा डार्करूमचा ग्रेडेड (ठरावीक कॉन्ट्रास्टचा) कागदही आहे. ऑनलाइन ऑर्डर देताना 'गॅलरी' शब्द वाचून बटण दाबलं तर प्रिंटरचा कागद घरी येतो, आणि तो डेव्हलपरमध्ये पांढराच राहतो. 'मल्टिग्रेड' किंवा 'इल्फोब्रोम' हे शब्द दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

दुसरा कारखाना कोडॅकचा, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. ट्राय-एक्स ४००, टी-मॅक्स १००, ४०० आणि पी३२०० या फिल्म ईस्टमन कोडॅक बनवते. २०१२-१३ च्या दिवाळखोरीनंतर फोटोग्राफीच्या फिल्म विकण्याचा हक्क कोडॅक अलारिस या वेगळ्या कंपनीकडे गेला, म्हणून पेटीवर तिचं नाव दिसू लागलं. अलीकडे ईस्टमनने काही फिल्म पुन्हा थेट विकायला घेतल्या आहेत. विकणारा कोणीही असो, कोटिंग रॉचेस्टरचंच. याच कारखान्यात डबल-एक्स ५२२२ ही १९५९ पासूनची सिनेमाची निगेटिव्ह बनते. सिनेस्टिल ती 'बीडब्ल्यूएक्सएक्स' नावाने डबीत भरून विकते. सिनेमाच्या रंगीत फिल्मला मागे वर्षानुवर्षं काजळीचा थर असायचा तसा डबल-एक्सला नसतो, त्यामुळे ती साध्या डी-७६ डेव्हलपरमध्ये बिनधास्त धुता येते. तिचा वेग उन्हात २५० आणि पिवळ्या दिव्यात २०० धरायचा.

तिसरा कारखाना चेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोवे शहरातला फोमा, १९२१ पासूनचा. फोमापॅन १००, २००, ४००, शिवाय कागद: फोमास्पीड, फोमाब्रोम, फोमाटोन. अमेरिकेतून कुणी 'अरिस्टा ईडीयू अल्ट्रा' आणली तर तीही फोमापॅनच समजा आणि वेळ फोमाची लावा. फोमा स्वस्त आहे, सुंदरही आहे, पण तिचे काही हट्ट आहेत. फोमापॅन ४०० चा खरा वेग बहुतेक डेव्हलपरमध्ये २०० ते २५० च्या आसपासच भरतो. ४०० वर मोजलं की सावल्या कोऱ्या राहतात आणि मग डेव्हलपरला दोष दिला जातो. प्रकाश मोजायचा मीटर २०० वर ठेवा. ओलं असताना तिचं इमल्शन मऊ असतं, त्यामुळे पाणी निपटायला बोटं किंवा रबरी चिमटा ओढू नका. १२० चा (कागदासकट गुंडाळलेला, रुंद) रोल धुताना पहिलं पाणी गडद निळं-हिरवं निघतं. तो हॅलेशन (मागून उलटलेला प्रकाश पसरणं) अडवणाऱ्या थराचा रंग आहे, फिल्म खराब झालेली नाही. डेव्हलपर टाकण्याआधी एक मिनिट साध्या पाण्यात भिजवून ते ओतून द्या.

फोमाचा सर्वांत मोठा हट्ट रात्री कळतो. संध्याकाळी दिवे लागल्यावर शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर तिपाई लावली आणि मीटरने १० सेकंद दाखवले, असं धरू. फोमाच्या स्वतःच्या तक्त्याप्रमाणे फोमापॅन १०० ला तिथे आठपट, म्हणजे ८० सेकंद द्यावे लागतात. मीटर १०० सेकंद म्हणाला तर सोळापट, म्हणजे जवळजवळ सत्तावीस मिनिटं. तेच १० सेकंद एचपी५ ला साधारण २० होतात, एफपी४ ला १८. ॲक्रॉस २ ला काहीच वाढवावं लागत नाही, थेट दोन मिनिटांपर्यंत. रात्रीचं काम करणाऱ्याने ॲक्रॉससाठी जास्त पैसे मोजणं मला पूर्ण पटतं. दिवसाउजेडी त्याच पैशात फोमाचे दोन-तीन रोल होतात.

या तिघांबाहेर छोटे पण महत्त्वाचे लोक आहेत. बर्लिनजवळच्या बाड झारो इथे ॲडॉक्स. नाव १८६० सालच्या फ्रँकफर्टच्या कंपनीचं, माणसं नवी. सीएचएस १०० २, एचआर-५० आणि अतिशय बारीक कणांची सीएमएस २० २ या फिल्म त्यांच्या नावाने येतात, आणि रोडिनाल, एक्सटी-३ अशी रसायनंही. बेल्जियममध्ये मोर्टसेलला आग्फा-गेव्हर्ट आहे, ती विमानातून जमीन टिपायची फिल्म बनवते. तोच माल कापून रोलाई रेट्रो ८०एस आणि ४००एस म्हणून आपल्यापर्यंत येतो. इटलीत लिगुरियामध्ये फिल्म फेरानियाने जुन्या कारखान्याचा एक भाग पुन्हा चालवून २०१७ मध्ये पी३० आणली, नंतर पी३३ आणि ऑर्टो. जर्मनीच्या वोल्फेन गावातून ओर्वोच्या यूएन५४ आणि एन७४ या सिनेमाच्या फिल्म आल्या. चीनमध्ये शांघाय जीपी३ आणि लकी. स्थिर दर्जाच्या बाबतीत हारमन आणि कोडॅक यांच्या तोडीचं यांतलं कुणी नाही. एकदाच होणाऱ्या समारंभाला नवीन नावाची फिल्म घेऊन जाऊ नये.

अनोळखी नावाचा रोल हाती आला तर कारखाना ओळखायचा कसा? धुऊन वाळलेली पट्टी खिडकीसमोर धरा. भोकांच्या बाजूची कड वाचा: इलफर्ड आणि कोडॅक तिथे फिल्मचं नाव किंवा संकेतनाव छापतात. नुसते फ्रेमचे आकडेच दिसले तर माल बहुधा दुसऱ्यासाठी कापलेला आहे. मग पट्टीचा पाया, म्हणजे इमल्शनखालचं प्लॅस्टिक, बघा. राखाडी झाक असेल तर तो सहसा ३५ मिमीचा ट्रायॲसिटेट. काचेसारखा लख्ख असेल तर बहुधा पॉलिएस्टर. खात्री करायला तोंडाकडची वाया जाणारी दोन इंच पट्टी फाडून बघा. ट्रायॲसिटेट कागदासारखं टर्रकन फाटतं. पॉलिएस्टर ताणलं जातं, बोट कापेल पण फाटणार नाही.

हे केवळ कुतूहल नाही. लख्ख पॉलिएस्टर प्रकाश आतल्या आत वाहून नेतं. डबीबाहेर राहिलेल्या फिल्मच्या जिभेवर ऊन पडलं की ते फिल्मच्या जाडीतून डबीत शिरतं आणि पहिल्या चार-पाच फ्रेमवर भोकांच्या बाजूने काळपट लाटा येतात. रेट्रो ८०एस, एचआर-५०, सीएमएस २० या फिल्म कॅमेऱ्यात भरताना घरात, पडदा ओढून भरा. बाहेर असाल तर पाठ सूर्याकडे करून जॅकेटच्या आत. आणि पॉलिएस्टर कॅमेऱ्यात अडकलं तर जोर लावू नका, फिल्म तुटत नाही, कॅमेऱ्याचे दातरे तुटतात. ट्रायॲसिटेटचं दुखणं वेगळं: उष्ण, दमट जागी वर्षानुवर्षं राहिलं की ते व्हिनेगरसारखं आंबट वास मारायला लागतं आणि आक्रसतं. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्थांना थंड, कोरडी कोठारं ठेवावी लागतात ती याच कारणासाठी. घरी निगेटिव्ह हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडू नका. कागदी पाकिटात, भिंतीला न टेकलेल्या कपाटात ठेवा.

आता पुण्याचं हवामान. कारखान्यांच्या बहुतेक वेळा २० अंशांच्या असतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी तिशीच्या वर जातं. बर्फ घालून २० गाठण्याच्या खटाटोपापेक्षा २४ वर काम करणं मला जास्त विश्वासाचं वाटतं, कारण शेवटच्या धुण्यापर्यंत तेच तापमान टिकवता येतं. एचपी५ प्लसला आयडी-११ हा डेव्हलपर पाण्यात एकास एक प्रमाणात २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ ला सुमारे ९. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाईल असं मिश्रण घेऊ नका, आकाशात पट्टे उमटतात. डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण), हायपो, धुण्याचं पाणी यांत दोन-तीन अंशांहून जास्त फरक पडू देऊ नका. चार-पाच लिटर पाणी पहाटे भरून माठाशेजारी ठेवलं की अर्धं काम झालं.

आयडी-११ आणि डी-७६ हे व्यवहारात एकच आहेत, आणि पाकीट मिळत नसेल तर घरी बनतात. ७५० मिली पाणी ५० अंशांपर्यंत तापवा. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल २ ग्रॅम, मग उरलेलं सोडियम सल्फाइट मिळून १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, शेवटी पाणी घालून १ लिटर. क्रम बदलू नका: भरपूर सल्फाइटमध्ये मेटॉल विरघळत नाही, आणि सल्फाइट अजिबात नसेल तर ते हवेने तपकिरी पडतं. बोअरवेलचं पाणी असेल तर डेव्हलपर आणि शेवटचं धुणं तरी आरओच्या पाण्यात करा, नाहीतर वाळलेल्या निगेटिव्हवर चुन्याचे ठिपके राहतात.

हायपोची वेळ मात्र पुस्तकातून घेऊ नका, दर वेळी मोजा. फिल्मच्या जिभेचा कापलेला, न धुतलेला तुकडा उजेडात घ्या, त्यावर हायपोचा एक थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा आणि मग सगळा तुकडा हायपोत बुडवा. थेंबाची जागा आधी पारदर्शक झालेली असते. भोवतालचा दुधट भाग हळूहळू तिच्याशी एकजीव होतो आणि थेंबाची कड दिसेनाशी होते. बुडवल्यापासून त्या क्षणापर्यंतची वेळ मोजा. एचपी५, ट्राय-एक्स, फोमा यांना तिच्या दुप्पट. डेल्टा आणि टी-मॅक्सला तिप्पट, कारण त्यांचे चपटे कण आणि त्यांतलं आयोडाइड हायपो लवकर थकवतात. ताज्या हायपोच्या दुप्पट वेळ लागायला लागली की तो टाकून द्या. टी-मॅक्स धुतल्यावर गुलाबी राहिली तर तो बहुधा अपुऱ्या हायपोचाच पुरावा असतो. ताज्या हायपोत पुन्हा घाला, मग लिटरला २० ग्रॅम सोडियम सल्फाइटच्या पाण्यात दोन मिनिटं हलवा, रंग निघून जातो.

रोल फ्रिजमध्ये ठेवता, ते बरोबरच. पण पावसाळ्यात फ्रिजमधून काढून लगेच डबी उघडली तर थंड फिल्मवर दव धरतं. ३५ मिमीला दोन तास द्या, फ्रीझरमधली असेल तर रात्रभर. १२० च्या रोलला हे जास्त जाचतं: मागच्या काळ्या कागदावरचे आकडे आणि ठिपके दमटपणात इमल्शनवर उमटतात आणि आकाशात दिसतात. १२० चं पाकीट फोडलं की त्याच आठवड्यात संपवा. विमानतळावर हातातल्या बॅगेसाठी नवीन सीटी यंत्र असेल तर रोल पारदर्शक पिशवीत काढून हाताने तपासायला नम्रपणे सांगा. त्या यंत्रातून ४०० ची फिल्मही सुरक्षित जात नाही.

कागदाचं चित्र फिल्मपेक्षा अरुंद आहे. आज सहज मागवता येईल असा डार्करूमचा कृष्णधवल कागद म्हणजे व्यवहारात दोनच कारखाने, मॉबर्ली आणि ह्रादेत्स क्रालोवे. रशियात स्लाविच आहे, पण तो माल आपल्यापर्यंत नियमित येत नाही. शिकायला मल्टिग्रेड आरसी (प्लॅस्टिकचा थर असलेला) डिलक्स घ्या. १९४० पासून चालत आलेल्या मल्टिग्रेड नावाची ही पाचवी पिढी. इलफर्डच्या पीक्यू युनिव्हर्सल डेव्हलपरमध्ये एकास नऊ करून एक मिनिट, एकास चारच्या रॅपिड फिक्सरमध्ये अर्धा मिनिट, वाहत्या पाण्यात दोन मिनिटं. फायबरचा (प्लॅस्टिकचा थर नसलेला) कागद घेतलात तर डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं, आणि धुणं फार लांबतं. पाणीकपातीच्या दिवसांत धुण्याआधी सल्फाइटच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं तर पाणी बरंच वाचतं.

फोमाटोनचा उबदार काळा रंग मला मल्टिग्रेडपेक्षा आवडतो. पण तो कागद पिवळसर-तपकिरी सेफलाइटखाली (डार्करूममधल्या मंद दिव्याखाली) धुरकट होतो, त्याला गडद लाल लागतो. तापकीर गल्लीतून आणलेला लाल रंग फासलेला बल्ब सेफलाइट नव्हे. रंग पातळ असेल तर निळा-हिरवा प्रकाश सुटतोच. लाल एलईडी बरा, पण त्याचीही परीक्षा घ्या. एनलार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) कागदाला अगदी हलका, जेमतेम राखाडी येईल एवढा प्रकाश द्या. मग त्यावर नाणं ठेवून सेफलाइटखाली सात मिनिटं राहू द्या आणि नेहमीसारखा धुवा. नाण्याचा गोल दिसला तर बल्ब दूर न्या किंवा बदला. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून घेतलेली परीक्षा फसवते, कारण इमल्शनला जागं व्हायला थोडा प्रकाश आधी मिळावा लागतो.

माळ्यावर सापडलेला इंदूचा किंवा कुठलाही जुना ब्रोमाइड पेपर फेकण्याआधी एक पट्टी कापा आणि तिचे दोन तुकडे करा. पेटी लगेच बंद करा. एक तुकडा सरळ हायपोत. दुसरा आधी दोन मिनिटं डेव्हलपरमध्ये, मग हायपोत. दोन्ही धुऊन उजेडात शेजारी शेजारी ठेवा. दुसरा पहिल्याइतकाच पांढरा असेल तर कागद जिवंत आहे. थोडा राखाडी असेल तर डेव्हलपरच्या लिटरला एक-दोन ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घालून पुन्हा बघा, बऱ्याचदा पांढरा परत येतो, उजेड मात्र जास्त द्यावा लागतो. गडद राखाडी असेल तर तो छपाईच्या कामाचा राहिला नाही. उन्हात पानं-फुलं ठेवून, डेव्हलपरशिवाय, त्यांचे जांभळट-तपकिरी ठसे घ्यायला तो अजूनही चालतो.